उसाचा बुडखा लागला, पण सांगायचं कुणाला? बायकांच्या जननेंद्रियाला झालेल्या टोचीव जखमा, त्यांचे परिणाम आणि काळजी

दिवाळीच्या आगेमागे बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग दिसायला लागली की भवानीनगरचा हंगाम सुरू झाला असं समजायचं. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यात कोप्या उभ्या राहतात आणि पहाटेपासून फडात कोयते चालू होतात. ऊस जितका जमिनीलगत तोडावा तितका चांगला, कारण बुडाकडे साखर जास्त. पण घाईत दोन-चार बोटं उंचीचं टोक मागे राहतंच. कोयत्याने तिरकं छाटलेलं हे टोक चाकूसारखं धारदार असतं आणि वर पाचट पसरलं की ते दिसतही नाही.

याच फडात बाई मोळी डोक्यावर घेऊन चालते, गाडीला लावलेल्या फळीवरून चढते-उतरते आणि उजाडायच्या आत अंधारात शौचालाही तिथेच बसते. पाय घसरला आणि ती बुडख्यावर बसती झाली, तर टोक कुठे घुसेल हे सांगायला नको. पायाला कोयता लागला तर मुकादमाला सांगता येतं. इथे लागलं तर ती शेजारच्या कोपीतल्या बाईलाही सांगत नाही. घडी केलेलं फडकं लावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उभी राहते.

अशी जखम फक्त ऊसतोडीतच होते असं नाही. सायकलच्या दांड्यावर आदळणं, कुंपणाची तार किंवा गेटचे भाले ओलांडताना पडणं, झाडावरून फांदीवर पडणं, गाडीच्या बैलाने शिंग मारणं, मोरीत घसरून नळाच्या तोटीवर पडणं, अशी बरीच कारणं आहेत. कधी कारण अपघाताचं नसून मारहाणीचं किंवा लैंगिक अत्याचाराचं असतं, त्याबद्दल पुढे येईलच. वर्षानुवर्षं त्रास देणाऱ्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात मात्र जखमेपेक्षा उशिरामुळे होते.

आधी शब्द

हा लेख लिहिताना पहिली अडचण शब्दांचीच आली. घरात बोलताना आपण 'खाली', 'जागेवर', 'अंगावर' असं म्हणतो आणि पुस्तकात 'बाह्य जननेंद्रिय' लिहितो. डॉक्टरांना नेमकं कुठे लागलंय हे कळायला दोन्ही अपुरे पडतात. म्हणून थोडक्यात सांगते. बाहेरून दिसणाऱ्या सगळ्या भागाला व्हल्व्हा किंवा भग म्हणतात. त्यात बाहेरचे मोठे ओठ आणि आतले छोटे ओठ असतात. छोटे ओठ वर जिथे मिळतात तिथे शिश्निका असते. तिच्या खाली लघवीचं छिद्र, त्याखाली योनीमुख, आणि योनीमुख ते गुदद्वार यांच्यामध्ये जी जागा असते ती शिवण. योनी म्हणजे आतला मार्ग. बाहेरच्या सगळ्या भागालाच योनी म्हणायची सवय आहे, पण जखम बाहेर आहे की आत यावरच उपचार ठरतात.

छिद्र लहान, जखम मोठी

कापल्याची जखम लांब असते, दिसते, रक्त बाहेर येतं. टोचल्याची जखम उलटी वागते. वर करंगळीच्या टोकाएवढं छिद्र, आत किती खोल गेलंय ते दिसत नाही आणि वरचं तोंड पटकन मिटतं. माती, शेण, पाचटाचा तुकडा, कापडाचा धागा असं काहीही आत अडकून राहू शकतं.

या भागाची रचनाही अशी की धोका वाढतो. इथे रक्तवाहिन्या भरपूर आहेत आणि त्वचेखालचं मांस सैल आहे. त्यामुळे आतली एखादी रक्तवाहिनी फुटली तर रक्त बाहेर न येता आतल्या आत साठत जातं. बाहेरचा ओठ तासाभरात लिंबाएवढा, कधी त्याहून मोठा सुजतो, निळा-जांभळा पडतो आणि ठणकतो. याला डॉक्टर हिमॅटोमा म्हणतात, आपण रक्त साकळणं म्हणतो. ही सूज लघवीच्या छिद्रावर दाब आणते आणि लघवी अडकते. कधी कधी बाहेर थेंबभर रक्त दिसत असताना आत बरंच रक्त गेलेलं असतं.

दुसरी भीती धनुर्वाताची. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि जिथे हवा पोहोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत ते वाढतात. बुडख्याची जखम म्हणजे त्यांना हवी तशीच जागा. लक्षणं साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतात. जबडा उघडेना, मान ताठली, अंगाला झटके यायला लागले, म्हणजे बाईने जखम विसरून कामाला लागल्यावर.

पहिल्या तासात काय करायचं

सगळ्यात आधी आडवं व्हायचं. स्वच्छ कापडाची घडी किंवा सॅनिटरी पॅड जखमेवर धरून दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून ठेवायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही. रक्त थांबलं की स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवायचं. मोटारीचं किंवा पाटाचं पाणी नको, प्यायच्या पाण्याने धुवा. पाणी वरून सोडायचं, आत पिचकारी मारायची नाही. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून दर वेळी पंधरा-वीस मिनिटं ठेवा, सूज कमी राहते. बर्फ नसेल तर गार पाण्यात पिळलेलं फडकं चालतं.

टोक किंवा काडी आत रुतलेली असेल तर ओढून काढू नका. तीच कदाचित फुटलेली रक्तवाहिनी दाबून धरत असते, शिवाय ओढताना तुटली तर अर्धी आत राहते. तिच्या बाजूने कापड लावून ती हलणार नाही असं करा आणि दवाखाना गाठा.

हळद, तंबाखू, मशेरी, राख, रॉकेल, चुना यातलं काहीच लावायचं नाही. अँटिसेप्टिकचं द्रावण पाणी न घालता ओतणंही चुकीचं, या नाजूक त्वचेला त्याने भाजल्यासारखं होतं. हळदीबद्दल आपल्याकडे कुणी ऐकून घेत नाही हे मला माहीत आहे. पण खोल जखमेत भरलेली हळद ही डॉक्टरांना आधी खरवडून काढावी लागणारी आणखी एक वस्तू असते, एवढं लक्षात घ्या.

वरवरचं खरचटणं घरी बरं होतं. पण टोचून आत गेलेली जखम, ती कितीही लहान दिसली तरी, त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायला हवी. आणि काही गोष्टी दिसल्या तर अजिबात थांबू नका, 108 ला फोन करा: दाबूनही रक्त थांबत नाही, सूज वाढतच चालली आहे, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही किंवा लघवीत रक्त आहे, शौचाच्या जागेतून रक्त येतंय, योनीतून वारा किंवा मळ येतोय, पोट दुखतंय आणि घट्ट लागतंय, चक्कर येऊन घाम फुटतोय. यातलं पोटाचं दुखणं सगळ्यात फसवं. टोक योनीतून वर जाऊन पोटाच्या पोकळीपर्यंत पोहोचलं असेल तर बाहेर फारसं काही दिसत नाही. बाई गरोदर असेल तर जखम साधी दिसली तरी तपासणी करून घ्याच.

दवाखान्यात काय होतं

भवानीनगर परिसरातून बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय किंवा इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठता येतं. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपल्या जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं रेशन कार्ड नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांना हे अनेकदा माहीत नसतं.

केसपेपर काढताना खिडकीवर सगळी हकिगत सांगायची गरज नाही. 'खाली मार लागलाय, रक्त जातंय, बाई डॉक्टर हव्यात' एवढं पुरे. बाई डॉक्टर नसतील आणि पुरुष डॉक्टर तपासणार असतील, तर तपासताना एक स्त्री, म्हणजे नर्स किंवा तुमच्यासोबतची बाई, हजर असणं हा तुमचा हक्क आहे. आत गेल्यावर मात्र लाजून अर्धवट सांगू नका. कशाने लागलं, किती वेळ झाला, टोक किती लांब होतं, तुटलं का, लघवी झाली का, पाळी कधी आली होती, साखरेचा आजार आहे का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे सगळं उपयोगी पडतं.

दुखत असेल तर नीट तपासता येत नाही, म्हणून डॉक्टर भूल देऊन तपासणी करायला सांगू शकतात. लहान मुलींमध्ये तर हे बऱ्याचदा करावंच लागतं. त्याला घाबरू नका, जागेपणी धरून-दाबून तपासण्यापेक्षा ते कितीतरी बरं. लाकडाची किंवा उसाची काडी साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, त्यामुळे आत काही राहिल्याची शंका असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागू शकतो. 'एक्स-रे नॉर्मल आला' म्हणजे आत काही नाही असं होत नाही.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना खटकते. मळलेली टोचीव जखम डॉक्टर बऱ्याचदा टाके न घालता उघडीच ठेवतात. हा निष्काळजीपणा नव्हे. वरून शिवली तर आतला पू बाहेर यायला वाट राहत नाही. रक्तगाठ लहान असेल तर बर्फ, आराम आणि लक्ष ठेवणं पुरतं. मोठी असेल किंवा वाढत असेल तर ती उघडून रक्तवाहिनी बांधावी लागते. लघवी अडली असेल तर काही दिवस नळी ठेवतात.

धनुर्वातासाठी आता टीटीच्या जागी टीडी लस देतात, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं. जखम मातीने मळलेली असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर बूस्टर लागतो. ज्यांनी आयुष्यात लस घेतलीच नाही किंवा अर्धवट घेतली, त्यांना लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं. 'बाळंतपणात घेतलं होतं' असं बहुतेक बायका सांगतात. ते कोणत्या साली, एवढं आठवून सांगा.

घरी आल्यावर, किंवा कोपीवर

पहिले एक-दोन दिवस गार शेक, त्यानंतर डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीन वेळा. पाण्यात काही घालू नका. कोपीवर टब नसतो. स्वच्छ घासलेल्या पातेल्यातलं कोमट पाणी तांब्याने वरून सोडलं तरी काम होतं. नंतर चोळायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं.

लघवीला जळजळतं म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्याने लघवी घट्ट होऊन जास्त झोंबते आणि संसर्गाला आमंत्रण मिळतं. भरपूर पाणी प्या आणि लघवी करतानाच तांब्याने कोमट पाणी वरून सोडत राहा, झोंबणं बरंच कमी होतं. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पालेभाजी, फळं, गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध घ्या. पुढून मागे धुवायचं, मागून पुढे नाही.

पाळी आली तर पॅड चार-सहा तासांनी बदला. जखम भरेपर्यंत कप किंवा टॅम्पॉन नको. कापड वापरत असाल तर ते उन्हात वाळवलेलंच वापरा. लाजेपोटी कोपीत साडीखाली वाळत घातलेलं दमट कापड जखमेवर लावणं धोक्याचं आहे. सैल सुती कपडे घाला. शरीरसंबंध जखम पूर्ण भरेपर्यंत नाहीत, खोल जखमेत हा काळ सहा आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. नवऱ्याला हे डॉक्टरांनीच समोर बसवून सांगावं असा आग्रह धरायला हरकत नाही.

वरवरची जखम आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, पू किंवा घाण वास आला, ताप आला तर लगेच परत जा. ज्यांना साखर आहे त्यांनी तर जास्तच सावध राहायचं. या भागात क्वचित एक भयंकर वेगाने पसरणारा संसर्ग होतो. दिसतं त्याच्या मानाने दुखणं फार जास्त असतं आणि त्वचा काळपट पडत जाते. तिथे काही तासांच्या उशिरानेही जीव जाऊ शकतो.

विश्रांतीचं काय, हा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात आला असेल. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो आणि उचल आधीच घेतलेली असते. तिने आठ दिवस घरी बसायचं म्हणजे अर्धा कोयता बंद. ऊसतोड कामगार बायकांच्या आरोग्याकडे 2019 मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे राज्याचं लक्ष गेलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. फडाजवळ शौचालयाची सोय असती तर अंधारात बुडख्यांमध्ये बसायची वेळच कमी आली असती, हे सांगायला समिती लागत नाही.

नंतर राहणारे त्रास

बहुतेक जखमा काहीही मागे न ठेवता बऱ्या होतात, कारण भरपूर रक्तपुरवठ्यामुळे हा भाग लवकर भरतो. पण काही त्रास महिन्यांनी किंवा वर्षांनीही डोकं वर काढतात आणि तोपर्यंत त्यांचा जुन्या पडण्याशी संबंध कुणी जोडत नाही.

आत राहिलेली काडी हे सगळ्यात सहज निसटणारं कारण. जखम भरते, पुन्हा फुटते, थोडा पू येतो, पुन्हा भरते. गोळ्या घेतल्या की बरं वाटतं आणि कोर्स संपला की परत तेच. असं दोन-तीनदा झालं तर गोळ्या बदलत बसू नका, आत काही आहे का ते तपासायला सांगा.

दुसरं म्हणजे गाठ. टोचताना वरच्या त्वचेचा कण आत ढकलला गेला तर तिथे हळूहळू वाढणारी, सहसा न दुखणारी गाठ तयार होते. योनीमुखाच्या बाजूला ओलावा तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, त्यांची वाट व्रणाने बंद झाली तरी गाठ येते, ती पिकली की बसवत नाही. दोन्हींवर छोट्या शस्त्रक्रियेने इलाज होतो. बाई मात्र अनेकदा ती कॅन्सरची समजून किंवा गुप्तरोगाची म्हणून कुणी नावं ठेवेल या भीतीने लपवते.

लघवीच्या छिद्राजवळ व्रण झाला तर धार वाकडी जाते, फाटते किंवा जोर लावावा लागतो. योनीतून सतत लघवी झिरपत असेल किंवा वारा, मळ येत असेल तर तो फिस्टुला, म्हणजे दोन मार्गांमध्ये पडलेलं भोक असू शकतं. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. 'वयामुळे होतं' म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

आणि मग वेदना. जखम भरली, तपासणीत काही दिसत नाही, तरी बसताना, सायकलवर, चड्डीच्या शिवणीनेही झोंबतं किंवा उलट तिथे बधिर वाटतं. इथल्या बारीक नसा दुखावल्या की असं होतं. काहींना संबंधाच्या वेळी तीव्र दुखतं. त्यामागे कधी व्रण असतो, तर कधी दुखण्याच्या भीतीने कटीतळाचे स्नायू आपोआप आवळले जातात. 'मनाचे खेळ आहेत' असं तिला घरीही ऐकावं लागतं आणि कधीकधी दवाखान्यातही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या अशा वेदनेचं वैद्यकशास्त्रात रीतसर निदान होतं आणि तिच्यावर उपचार आहेत: बधिर करणारं मलम, व्रणाला हलका मसाज, कटीतळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, नसांच्या वेदनेवरच्या कमी मात्रेच्या गोळ्या. शिश्निकेजवळच्या जखमेनंतर संवेदना बदलली असेल तर तेही विचारा. बाईच्या सुखाचा प्रश्न दवाखान्यात विचारण्याजोगा नाही असं कुठेही लिहिलेलं नाही.

मूल होईल का? हा पहिला प्रश्न सासरचे विचारतात. बाहेरच्या भागाच्या जखमेचा गर्भाशयाशी किंवा बीजांडांशी संबंध नसतो, त्यामुळे गर्भ राहण्यावर परिणाम होत नाही. नॉर्मल बाळंतपणही बहुतेक वेळा होतं. शिवणीवर मोठा व्रण किंवा गुदद्वारापर्यंत गेलेली जुनी जखम असेल तर मात्र नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगून ठेवा.

मनावरचा परिणामही राहतो. झोप न लागणं, फडात किंवा त्या जागी पाय ठेवायची भीती, कुणी जवळ आलं की अंग चोरणं असं होत असेल तर टेलीमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मुलगी असेल तर

वयात येण्याआधी मोठ्या ओठांमधली चरबीची गादी तयार झालेली नसते, त्यामुळे सायकलवरून पडल्यावर मुलींना इथे लवकर लागतं. अशी इजा बहुधा पुढच्या बाजूला आणि एकाच अंगाला असते. जखम भरताना छोटे ओठ एकमेकांना चिकटू शकतात, म्हणून डॉक्टर पुन्हा बोलावतात तेव्हा नेऊन दाखवा.

आईच्या मनात लगेच दुसरा प्रश्न येतो: पडदा फाटला असेल का, पुढे लग्नात अडचण? सायकलवर आदळल्याने योनिपटलाला सहसा काही होत नाही. आणि झालं तरी त्यावरून कौमार्य ठरवता येत नाही, तशी कोणतीही वैद्यकीय चाचणी नाही. कुठलाही डॉक्टर 'मुलगी तशीच आहे' असं प्रमाणपत्र देऊ शकत नाही, ते मागूही नका.

पण सांगितलेली हकिगत आणि जखम यांचा मेळ बसत नसेल, जखम आत किंवा मागच्या बाजूला असेल, मुलगी एखाद्या माणसाचं नाव निघताच गप्प होत असेल, तर डॉक्टर अत्याचाराची शक्यता तपासणारच. त्यात पालकांनी अपमान मानू नये.

अपघात नसेल तर

शरीरात कोणतीही वस्तू जबरदस्तीने घुसवणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 नुसार बलात्कार आहे. नवऱ्याने केलं तर हे कलम प्रौढ पत्नीला लागू होत नाही, ही कायद्यातली पळवाट आजही आहे. मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते आणि मारहाणीचा गुन्हाही होतो.

आधी पोलीस ठाणं, मग दवाखाना असा क्रम नाही. थेट रुग्णालयात जाता येतं आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं. पण तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही आणि तिने पुराव्यासाठीची तपासणी नाकारली तरी उपचार नाकारता येत नाहीत. दोन बोटांची चाचणी करणं गैरवर्तन ठरेल असं सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे. शक्य असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता जा. अंगावरचे कपडे बदलले असतील तर ते प्लॅस्टिकमध्ये न ठेवता कागदात गुंडाळून न्या. धुतलं असेल तरी जाच. गर्भ राहू नये म्हणूनच्या आणि एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या चांगल्या. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक आहेत.

हंगाम सुरू होण्याआधी

टीडीचा डोस जखम व्हायची वाट न बघताही घेता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा आणि तारीख मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण कागद कोपीत टिकत नाही. पहाटे शौचाला जाताना बॅटरी घ्या, एकटीने जाऊ नका आणि ताज्या तोडलेल्या सरीत न बसता बांधावर बसा. मोळी घेऊन फळी उतरताना पाय घसरतो तो बहुतेक ओल्या पाचटामुळे, म्हणून फळीखालची जागा आधी कोयत्याने साफ करून घ्या. आणि टोळीत एक तरी बाई अशी ठरवून ठेवा जिला कुठेही लागलं तरी सांगता येईल, आणि जिच्या मोबाइलमध्ये 108 बरोबर एखाद्या आशाताईंचा नंबरही असेल.